तांबखडीची गाठ सोडणारी भिवरा

फार वर्षांपूर्वी, मोटेनं पाणी ओढायचे दिवस होते तेव्हा, आमच्या तांबखडीत भिवरा नावाची एक बाई राहत होती. त्या काळी आमच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं, एवढ्यावरून गोष्ट किती जुनी ते समजा. आज त्या ओढ्यात पोरं क्रिकेट खेळतात.

ओढ्याच्या काठाला, गावाच्या खालच्या अंगाला, दोर वळणाऱ्यांचा मांगवाडा होता. माळावरून केकताडाची काटेरी पानं कापून आणायची, ओढ्यात कुजवायची, बडवून बडवून त्यांचा पांढरा धागा, म्हणजे वाख, काढायचा आणि त्याला पीळ भरून दोर वळायचा, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. मोटेचा नाडा त्यांचा, बैलाचा कासरा त्यांचा, गाईचं दावं त्यांचं, पाळण्याची दोरीही त्यांचीच. सगळं गाव त्यांच्या दोरावर चालायचं आणि त्यांच्या सावलीला मात्र बिचकायचं. दोर चालतो, दोर वळणारा हात चालत नाही, असलं ते शहाणपण होतं.

या वाड्यात भिवरासारखा हात कुणाचा नव्हता. असं म्हणतात, तिच्या दाव्याला बांधलेला खोंड कधी उधळला नाही. असं म्हणतात, पुरात वाहत चाललेली बैलगाडी तिनं चऱ्हाटाच्या एका फेकीत काठाला आणली, आणि गाडीवानाची चिलीमसुद्धा विझली नाही. ती चिलीम नंतर कुणीतरी जोडली असावी असं मला वाटतं, पण गाडीचं खरं असेल. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. वाड्यातली लहानथोर सगळी तिला आत्या म्हणत.

तिच्या घरची एक रीत होती. पीळ भरून तयार झालेल्या दोराला सुरी लावायची नाही. गाठ पडली तर बसून सोडायची, अर्धा दिवस गेला तरी बेहत्तर. ज्यानं पोट भरलं त्याचा गळा कापायचा नाही, असं तिची सासू सांगायची, आणि भिवरानं ते आयुष्यभर पाळलं.

आता जरा कडू भाग ऐका. चावडीपुढे एक खांब होता. बाभळीचा, काळाकुट्ट, माणसाच्या पाठीनं घासून गुळगुळीत झालेला. त्या वेळी गावात वेठ होती. वेठ म्हणजे पाटलाची हाक आली की खालच्या वस्तीतल्या माणसानं हातचं काम टाकून पळायचं आणि फुकट राबायचं. लाकडं फोडायची, ओझी वाहायची, उन्हातान्हात परगावी निरोप घेऊन जायचं. जो गेला नाही, किंवा उशिरा गेला, त्याला त्या खांबाला बांधायचं आणि दिवेलागणीपर्यंत उन्हात उभं ठेवायचं. ना अन्न, ना पाणी. पोरंसोरं खडे मारत ते निराळंच.

आणि त्याला बांधायचा दोर कुठून यायचा? मांगवाड्यातूनच. पोळ्याच्या दिवशी गावाला नव्या वेसणी, नवे कासरे द्यायचे, तसा एक नवा दोर खांबालाही द्यायचा, अशी चाल होती. तो दोर सगळ्यात चांगला लागायचा, म्हणून तो वळायचा मान भिवराचा. पाटलाच्या घरून तिला त्याबद्दल खणाची चोळी मिळायची. ती चोळी घालून ती वाड्यात मिरवायची, आणि आपल्या शेजाऱ्याची मनगटं ज्यानं सोलली तो दोर किती सुबक आहे, हे बायका एकमेकींना सांगायच्या. हसू नका. माणूस कशाकशात मान मानून घेतो याला काही धरबंध नाही.

अशात एका सुगीला सावळाराम मास्तर गावात आले. हे मिशनचे उपदेशक. सडपातळ, डोक्याला पांढरं मुंडासं, बगलेत पवित्र शास्त्र. त्यांचाही जन्म अशाच एका वस्तीतला, त्यामुळे ते थेट मांगवाड्यात येऊन लिंबाखाली बसले आणि मिळेल ती भाकरी खाल्ली. वरच्या आळीनं पाहिलंही नाही त्यांच्याकडे. मास्तर हलगीच्या तालावर प्रभू येशूची गाणी म्हणत, गोष्टी सांगत. सुतारकाम करणारा देव, कोळ्यांबरोबर मासे भाजून खाणारा देव, महारोग्याच्या अंगाला हात लावणारा देव. तो हात लावणारा देव वाड्याला आवडला. वर्ष पालटायच्या आत बहुतेक वाडा ख्रिस्ती झाला, ओढ्याच्या डोहात बाप्तिस्मा झाला, आणि मातीच्या भिंती घालून प्रार्थनेसाठी एक मंदिर उभं राहिलं. भिवराचं नाव मार्था ठेवलं होतं म्हणतात. ते नाव फक्त मास्तरांच्या लक्षात राहिलं.

एक दिवस मास्तरांनी लाजराची गोष्ट सांगितली. लाजर मेला, त्याला थडग्यात ठेवलं, बहिणी रडून रडून थकल्या. मग प्रभू आला, तोही रडला, आणि थडग्यापुढे उभं राहून त्यानं मोठ्यानं हाक मारली. लाजर जिवंत होऊन बाहेर आला. हातपाय पट्ट्यांनी बांधलेले, तोंडावर फडकं, तसाच. तेव्हा प्रभू भोवतालच्या लोकांना म्हणाला, ह्याला सोडा, जाऊ द्या.

सगळे डोळे पुसत होते. भिवरा पुसत नव्हती. तिनं विचारलं, "मास्तर, मेलेल्याला ज्यानं उठवला त्याला गाठ सोडाया येत नव्हती व्हय?"

"येत असंल की आत्या."

"मग दुसऱ्यान्ला कशापायी सांगितलं?"

मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले, "म्या ही गोष्ट लई वेळा सांगितली, पर हे कधी मनात आलं न्हाई. तुमी इचार करा, मीबी करतो."

तो विचार भिवराच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. केकताड बडवताना तोच, भाकरी थापताना तोच. पोळा जवळ आला तसा तो जास्तच कुरतडायला लागला, कारण खांबाचा दोर वळायला घ्यायचा होता. ती रविवारी मंदिरात बसून सुटलेल्या लाजराचं ऐकणार आणि सोमवारी बांधायचा दोर वळणार, हे तिला गिळवेना.

मग तिनं एक युक्ती केली. दोर वळणाऱ्यालाच सुचावी अशी. तिनं दोर वरून झकास, गुळगुळीत वळला, पण आतल्या पदरात पीळच भरला नाही. बघणाऱ्याला कळू नये, पण बांधलेल्या माणसानं जोर केला की तटकन तुटावा. कुणालाच सांगितलं नाही. पाटलाच्या घरची चोळी मात्र त्या वर्षी तिनं घेतली आणि न घालता कोनाड्यात टाकली.

पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत लिंबाची पाळी आली. लिंबा हा वाड्यातला तरणा गडी, बोलायला कमी, कामाला वाघ. पाटलाचा सांगावा आला तेव्हा त्याची बायको बाळंतपणात अडली होती, म्हणून तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला खांबाला बांधला. उन्हं चढली, लिंबानं कळवळून अंगाला हिसका दिला, आणि दोर तुटला. लिंबा घाबरून पळत सुटला. आणि पळाला म्हणूनच पाटलाच्या माणसांनी त्याला मळ्यात गाठून काठ्यांनी बडवला. त्याचा उजवा हात कोपरापाशी मोडला तो पुन्हा कधी सरळ झाला नाही. वर गावभर झालं, लिंबा चोरासारखा पळाला, म्हणजे चोरच असणार.

भिवरानं लिंबाच्या हाताला पाला बांधला, त्याच्या बायकोला पेज करून घातली, आणि मग ती मंदिरात जाऊन बसली. असं म्हणतात, ती तिथं इतकी रडली की शेणानं सारवलेली जमीन ओली झाली. लाजराला प्रभूनं गपचूप सोडला नव्हता. चार लोकांत, भर उजेडात, शेजाऱ्यांच्या हातांनी सोडला होता. चोरून सोडलेला माणूस चोरच ठरतो, हे तिला त्या दिवशी उमगलं, आणि तिचं पुढलं सगळं आयुष्य त्या उमगण्यातून निघालं.

ती उठली, कोनाड्यातली चोळी घेतली आणि तडक पाटलाच्या ओट्यापुढे गेली. रावजी पाटील म्हणजे धिप्पाड माणूस, आवाज असा की कोंबडी अंडं घालायची विसरावी. वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या बापानं बांधली, आजानं बांधली, म्हणून तोही बांधत होता. आपण वाईट करतोय असं त्याला स्वप्नातही वाटलं नसेल, आणि तीच खरी अडचण होती.

"पाटील," भिवरा म्हणाली, "दोर म्याच कच्चा वळला व्हता. लिंबाचा त्यात काय बी गुन्हा न्हाई. ही चोळी घ्या माघारी."

ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. पाटील मिशीतल्या मिशीत हसला. "बरं कबूल केलंस. आता पक्का वळून दे."

"वळायची न्हाई. कच्चा बी न्हाई, पक्का बी न्हाई. मोटंला दीन, बैलाला दीन, पाळण्याला दीन. मानसाला बांधाया माझा दोर न्हाई. आन तुमी कुनाला बांधला, तर मी यिऊन सोडीन. सांगून जातीया, मागनं म्हनू नका चोरून सोडला."

"आन तुला कुनी सांगितलं हे?"

"ज्यानं लाजराला उठवला त्यानं," असं म्हणून ती चालू लागली. पाटलाला वाटलं लाजर म्हणजे शेजारच्या गावचा कुणी पैलवान असेल. त्यानं माणूस पाठवून चौकशीही केली म्हणतात.

पाटलानं बाजारातून दोर आणला. त्याला काय तोटा? पुढच्याच आठवड्यात महारवाड्यातल्या एका म्हाताऱ्याला बांधला. भिवरा ओढ्यावरून आली, हात पदराला पुसले, खांबापाशी गेली आणि गाठ सोडून म्हाताऱ्याला खाली बसवलं. घागरीतलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं. पाटलाच्या गड्यानं तिला ढकललं, म्हाताऱ्याला पुन्हा बांधलं. तिनं पुन्हा सोडलं. त्यानं बांधलं. तिनं सोडलं. शेवटी गड्याचे हात दुखायला लागले आणि तो बिडी ओढायला बसला.

असं करत पावसाळा सरला, थंडी आली. ज्याला बांधलं त्याला ती सोडायची. कधी शिव्या खाल्ल्या, कधी काठी खाल्ली. एकदा तर तिचे केस धरून तिला ओढ्यापर्यंत फरफटत नेलं, आणि ती ओढ्यात तोंड धुऊन परत आली. ती कुणाला उलट बोलली नाही, विळा-कोयता हातात घेतला नाही, आणि एकही दोर कापला नाही. असं म्हणतात, पुढे पुढे गाठींनाच तिची ओळख पटली. ती चावडीच्या वळणावर आली की दोर आपोआप सैल पडायला लागायचा. असं म्हणतात, पाटलाच्या गड्यांनी एकदा गाठीवर गाठ, गाठीवर गाठ अशी नारळाएवढी गाठ मारली, तर तिनं तिच्यावर नुसता श्वास टाकला आणि ती उमलली. माझी आजी म्हणायची, श्वास नव्हे, दात लावले होते. मला दात जास्त पटतात.

पण पाटील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. ज्वारीची खळी झाली, बलुत्याचं धान्य वाटायची वेळ आली, तेव्हा त्यानं गावाला बजावलं, मांगवाड्याला दाणा घालायचा नाही. आता दोर वळून दोर खाता येत नाही. वाड्यात चुली थंड पडल्या. पोरं बोरं आणि चिंचेचा पाला खाऊन राहायला लागली. आणि मग जे व्हायचं तेच झालं, लोक भिवरावर उलटले.

"आत्या, तुज्या सोडन्यापायी आमची पोटं बांधली गेली," एकजण तोंडावर म्हणाला. "मोप झालं. आता पुरं कर."

"तू मला पेज घालत व्हतीस तवा गोड व्हतीस," लिंबाची बायको म्हणाली, "आता माज्या पोराला पाजाया दूद न्हाई."

भिवराला हे काठीपेक्षा लागलं. ती म्हणाली, "खरं हाय तुमचं. भूक मलाबी लागतीया." आणि घरात होता नव्हता तो दाणा तिनं लिंबाच्या बायकोच्या पदरात ओतला. पण थांबते असं काही ती म्हणाली नाही. सावळाराम मास्तरांनी दूरच्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांकडून झोळीत धान्य आणलं, तेही पुरलं नाही. वाड्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. मंदिरात ती एका बाजूला बसायची आणि तिच्याशेजारची जागा रिकामी असायची.

चैत्र लागला. उन्हानं माती भाजायला लागली. उत्तम शुक्रवारचा दिवस होता, प्रभूला वधस्तंभावर खिळलं तो दिवस. सगळा वाडा उपाशी, काही उपासानं, काही नाइलाजानं, मंदिरात जमला होता. भिवरा मंदिराकडे येत होती आणि वाटेतच तिला पाटलाच्या माणसांनी धरलं. या वेळी तिलाच बांधायचं होतं.

दोर रातभर हौदात भिजत घातलेला होता. ओला दोर फुगतो, गाठीत रुततो, आणि वाळला की गाठ दगड होते, हे तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तिचे हात खांबामागे नेऊन मनगटं बांधली, वर पाणी मारलं, आणि दवंडी दिली: जो हिला सोडील त्याचं घर गावातून उठवलं जाईल. मग पाटील ओट्यावर बसून वाट पाहायला लागला. भिवरा सगळ्यांना सोडते, आता भिवराला कोण सोडतं ते त्याला बघायचं होतं. आणि खरं सांगायचं तर भिवरालाही तेच बघायचं होतं. मरणाची तिला भीती नव्हती. आपण सोडलेल्या माणसांतलं कुणी येणारच नाही, ही भीती मात्र होती. त्या वेळी तिचे डोळे भरून आले, असं म्हणतात, आणि ते मी कधीच नाकारलं नाही.

दवंडी मंदिरात ऐकू आली. मास्तर प्रभूच्या दुःखाचं वाचत होते. ते थांबले, पुस्तक मिटलं. "मंडळीहो," ते म्हणाले, "भिवराआत्यानं मला एक सवाल इचारला व्हता. देवानं उठवलेल्या मानसाला दुसऱ्यांनी का सोडायचं? मला आज उत्तर गावलं. उठवायचं काम देवाचं. सोडायचं काम त्यानं शेजाऱ्यांवर टाकलंय. आज हितं बसून देवाला हाक मारली तर तो आपल्यालाच इचारील, शेजारी कुठं हायेत? मी निगालो. ज्याला यायचं त्यानं या."

कुणी हललं नाही. घर उठणार म्हणजे काय ते प्रत्येकाला कळत होतं. मग मागून लिंबा उठला. तोच, मोडक्या हाताचा. तो मास्तरांच्याही पुढे निघाला.

लिंबा खांबापाशी पोहोचला, गुडघ्यावर बसला आणि डाव्या हातानं गाठ चाचपायला लागला. एका हातानं गाठ सुटते का कधी? एका हातानं दोर धरावा लागतो, दुसऱ्यानं पदर ओढावा लागतो. लिंबाची नखं उलटली, गाठ तसूभर हलली नाही. मास्तर शेजारी बसले, त्यांनी दोराचा पदर धरला. त्यांची बोटं शास्त्राची पानं उलटणारी, दोरापुढे लेचीपेची. दोघे घामाघूम झाले.

लिंबाची बायको हे दुरून पाहत होती. तिनं मूल जावेच्या हातात दिलं आणि विळा घेऊन धावत आली. भिवरानं तो विळा पाहिला.

"ठिव तो खाली," ती म्हणाली. तिचा घसा कोरडा पडला होता तरी आवाज पक्का होता. "कापलीस तर म्हनतील पळवून नेली. हातानं सोडा. सगळ्यांच्या म्होरं सोडा. येळ लागू दे."

विळा खाली पडला आणि लिंबाच्या बायकोचे हात गाठीला लागले. मग जो तोंडावर बोलला होता तो आला. मग तो महारवाड्यातला म्हातारा काठी टेकत आला, आणि त्याच्यामागे त्याची सगळी आळी. एक थकला की दुसरा बसायचा. कुणी मारामारी केली नाही, कुणी घोषणा दिली नाही. नुसते हात आणि गाठ. पाटलाच्या गड्यांनी काठ्या उगारल्या, पण ज्याच्यावर उगारावी तो वरसुद्धा बघेना. असल्या माणसाला मारायला हात उठत नाही. वरच्या आळीतली माणसं चावडीभोवती गोळा झाली होती. कुंभारीण पुढे सरली आणि तिनं गाठीवर थोडं तेल सोडलं. तिनं नंतर सांगितलं की तेल चुकून सांडलं. सांडू दे बापडं.

आणि मग पाटलाच्या घरातून थोरली पाटलीण बाहेर आली. रावजीची आई. पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली, जन्मात खालच्या वस्तीची हवाही अंगावर न घेतलेली बाई. ती ओटा उतरली. लोक दुभंगून बाजूला झाले.

"आई, तू आत जा," पाटील म्हणाला.

"तुज्या पाळण्याची दोरी हिच्या सासूनं वळली रं," म्हातारी म्हणाली. "रडून रडून तू पाळणा हापटायचास, पर दोरी कधी तुटली न्हाई. आन तू तिच्या सुनंला बांधलीस."

ती खांबापाशी बसायला लागली तशी कुणीतरी हळूच म्हणालं, "थोरल्या बाई, इटाळ हुईल."

"होऊ दे. आंगुळीला पानी हाय घरात," म्हातारी म्हणाली आणि तिनं आपली बोटं लिंबाच्या बोटांशेजारी गाठीत घातली.

आणि गाठ सुटली.

इथून पुढचं जसं ऐकलं तसं सांगतो. असं म्हणतात, ती गाठ सुटली त्या क्षणी तांबखडीतली एकूण एक गाठ सुटली. दावणीची दावी गळून पडली आणि गुरं रस्त्यावर येऊन उभी राहिली. मोटेचे नाडे सुटले, गवताच्या पेंढ्या उलगडल्या, बायकांचे अंबाडे मोकळे झाले. पाटलाचा पटका सुटून ओट्यावरून खाली पायरीपर्यंत गेला. धोतराचंही काही लोक सांगतात. मी तिथं नव्हतो, त्यामुळे पटक्यापर्यंतच थांबतो.

आणि असं म्हणतात की त्या दिवसानंतर तांबखडीत माणसाला बांधायला घेतलेल्या दोराला गाठच बसेना. पाटलानं बाजारचा आणला, शहराचा आणला, घोड्याच्या केसांचा वळून घेतला. मारली गाठ की सुटली. पण मला विचाराल तर दोराला काही झालं नव्हतं. बांधायला एकजण पुढे झाला की सोडायला सगळं गाव उठायचं, तिथं गाठ टिकणार कशी? कुणाचंही घर उठलं नाही. सगळ्याच घरांतून माणूस आलेला, उठवणार किती? पुढच्या खळ्याला धान्य मिळालं, वेठ हळूहळू विझली, आणि खांब बाभळीचा खांब होऊन नुसता उभा राहिला.

भिवरा पुढे बरीच वर्षं जगली. दोर वळत राहिली, मंदिरात पुढे बसत राहिली. तिच्याशेजारच्या जागेसाठी आता बायका भांडायच्या. ती गेली तेव्हा वाड्यानं तिला न्यायला बांबूची तिरडी बांधायला घेतली. आणि असं म्हणतात, तिरडीची एकही गाठ बसेना. बांधावी, सुटावी. बांधावी, सुटावी. शेवटी मास्तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तिला बांधाया नगं." तेव्हा लोकांनी तिला तळहातांवर घेतली. एकाच्या हातावरून दुसऱ्याच्या हातावर, वाड्यापासून माळापर्यंत, महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या, वरच्या आळीच्या हातांवरून ती गेली. तिच्या मातीवर दगड आहे, त्यावर नाव नाही. लागतही नाही.

आजही उत्तम शुक्रवारी आमच्याकडे मंदिरातली दुपारी तीनची उपासना संपली की सगळं गाव चावडीपाशी जमतं. ख्रिस्ती असतात, नसलेलेही असतात. आदल्या रात्रीच वाड्यातली माणसं केकताडाचा जाड दोर भिजवून त्या खांबाला बांधून ठेवतात, आणि दिवसभर तो उन्हात वाळतो. मग मंदिराचे पाळक पुढे होऊन मोठ्यानं विचारतात, "हा दोर कुणी वळला?"

मांगवाडा म्हणतो, "आमी."

मग ते विचारतात, "ही गाठ कुणी मारली?"

हा प्रश्न आजच्या गाठीचा नसतो, हे सगळ्यांना कळतं, आणि पुष्कळ वर्षं त्याला कुणीच उत्तर देत नसे. पाळक थांबायचे, वरची आळी जमिनीकडे बघायची, आणि तशीच गाठ सोडायला सुरुवात व्हायची. मग एका वर्षी, हे मात्र मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, पाटलांच्या घरातली एक सून डोईवर पदर घेऊन पुढे आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पाळकांनी विचारलं आणि ती म्हणाली, "आमी." आवाज बारीकच होता. तेव्हापासून त्या घरातून दर वर्षी कुणीतरी येऊन तेवढंच उत्तर देतं.

मग कुणी काही विचारत नाही. घरटी एक हात गाठीला लागतो. विळा, सुरी, कात्री कुणी आणायची नाही, आणि गाठ सुटेपर्यंत कुणी जेवायचं नाही. एखाद्या वर्षी ती लवकर सुटते. एखाद्या वर्षी दिवेलागण होते, पोरं कुरकुरतात, म्हातारी माणसं दमून खाली बसतात, आणि तरी घरी कुणी जात नाही.